आहेरातलं वायरिंगचं पुस्तक

गिफ्ट पॅक करून झालं की रिबिनीचा एक छोटासा तुकडा उरतो. टाकवत नाही आणि कशाला पुरतही नाही. मी तो काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये सरकवते. दोन वर्षांत तो ड्रॉवर इतका ठासून भरलाय, की उघडला की आतून काहीतरी उसळून हातावर येतं आणि मी दरवेळी दचकते. किश्श्यांचंही तसंच झालंय. एक सांगायला जावं तर चार अंगावर येतात!

आमचं दुकान जबलपूरच्या सदर बाजारात आहे. पुढे हिंदी-इंग्रजी पुस्तकं, स्टेशनरी, कॉम्पिटिशनच्या गाईडांचे ढीग; आत, पंख्याखाली, मराठीचं एक कपाट. मालक शुक्लाजी. मी एम.ए. झाले आणि त्यांनी मला ठेवून घेतलं ते त्या कपाटासाठीच. "पढ़ तो मैं लेता हूँ बिटिया, पर समझ में आता है आधा. और आधी समझी हुई किताब बेचना पाप है!"

कपाटाकडे येणारे बहुतेक आमचेच लोक. विदर्भातून कधीकाळी फॅक्टरीत, रेल्वेत नोकरीला आले आणि इथलेच झाले, अशी बौद्ध कुटुंबं. आमच्यात एक रीत आहे. लग्न असो, नामकरण असो, नव्या घराची वंदना असो, पत्रिकेवर खाली छापलेलं असतंच : 'हार-तुरे, भांडी आणू नयेत. पुस्तक आणावे.' आणि आणलेलं पुस्तक तिथेच, सगळ्यांसमोर उघडतात. पहिल्या पानावर देणाऱ्याने काय लिहिलंय ते माईकवर वाचलं जातं. त्यामुळे काहीतरीच देऊन चालत नाही.

मग काय, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी माझा फोन वाजायला लागतो. "प्रज्ञा, सात वर्षांच्या पोट्टीला काय देऊ?" "प्रज्ञा, सासऱ्याले काय देऊ? त्याईले काहीच आवडत नाही!"

मी साऱ्या गावाला पुस्तकं निवडून देते. एकाच माणसाला मात्र मला दोन वर्षांत पुस्तक निवडून देता आलेलं नव्हतं. तो माणूस आमच्याच घरात राहतो.

*

माझे आजोबा. ही आहेराची रीत इथे ज्यांच्यामुळे पडली, तेच.

आजोबा फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या जिवलग मित्राचं, रामटेके आजोबांचं लग्न निघालं. सगळ्यांनी हंडे दिले, पराती दिल्या. आजोबांनी ठरवलं, आपल्याजवळची सगळ्यात मोलाची वस्तू द्यायची. ती होती एक पुस्तक. त्यातून वाचून वाचून ते काम शिकले होते.

रामटेके आजोबांनी स्टेजवरच कागद सोडला. आत घरगुती विजेच्या वायरिंगचं पुस्तक! नवरी हळूच म्हणाली, "हे मी वाचायचं का यांनी?"

आणि रामटेके आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लोकांनी भांडी दिली, ह्यानं करंट दिला!"

मांडव हसला. पण पुढच्या लग्नात दोघांनी पुस्तकं आणली. त्याच्या पुढच्यात पाच जणांनी. आता तर भांडं आणणाऱ्याकडे लोक वळून बघतात.

रामटेके आजोबा हा किस्सा प्रत्येक कार्यक्रमात सांगतात. शेवट ठरलेला असतो. माईक तोंडाजवळ घेऊन, हात वर करून : "आणि ते पुस्तक आजही माझ्या कपाटात आहे!" टाळ्या. माझे आजोबा दुसऱ्या रांगेत बसून लाजतात.

*

असे माझे आजोबा, आणि त्यांनी दोन वर्षांपूर्वी वाचणं सोडलं.

ते वाचायचे एकाच जागी. बाहेरच्या खोलीत, आतल्या अंगाला कोपऱ्यात त्यांची वेताची खुर्ची आहे, वर भिंतीवर दिवा. घराचं सगळं वायरिंग त्यांनी रिटायर झाल्यावर स्वतःच्या हाताने केलं. त्या दिव्याला दोन बटणं, एक दाराशी आणि एक खुर्चीशी. कुठूनही लावा, कुठूनही विझवा. लहानपणी तो आमचा खेळच होता. संध्याकाळी चहा झाला की दिवा लागायचा आणि आजोबा पुस्तकात जायचे. मग त्यांना आजीसुद्धा हाक मारायची नाही.

दोन वर्षांपूर्वी आजी गेली. त्याच सुमाराला भिंतीत ओल येऊन तो दिवाही बंद पडला. आजोबांनी बोर्ड उघडला, बराच वेळ आतल्या वायरींकडे बघत बसले आणि परत स्क्रू लावून टाकले. बाबा म्हणाले, मिस्त्री बोलावतो. आजोबा म्हणाले, "माह्या घरच्या वायरीले मिस्त्री हात लावनार नाई." बाबांनी मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोठी ट्यूब लावली आणि विषय संपला. आम्हाला तेव्हा दिव्याचं कुठलं सुचतंय?

तेव्हापासून आजोबांनी पुस्तक हातात घेतलं नाही. सगळे म्हणायचे, आजी गेली ना, मन लागत नसेल. मीही तेच म्हणायचे.

मी मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणली. भिंग आणलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर ते माझ्याच चष्म्याकडे बघून म्हणाले, "आपसे तो इनकी नज़र अच्छी है!" मोबाईलवर पुस्तक ऐकवलं. आजोबांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हा मानूस मधात थांबतच नाई. याले चहा तरी विचारता येते का?"

मी काहीही आणलं तरी उत्तर एकच. "ठेव तिकडं."

'तिकडं' म्हणजे खुर्चीजवळचं स्टूल. त्यावर न उघडलेल्या पुस्तकांची चळत वाढत चालली होती. एकदा मी रडकुंडीला येऊन विचारलं, "आजोबा, तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"मले पाह्यजे ते तुह्या दुकानात नाई," ते म्हणाले आणि टीव्हीकडे तोंड केलं. टीव्ही बंद होता.

यंदा त्यांचा ऐंशीवा वाढदिवस यायचा होता. विहाराच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. साऱ्या गावासमोर माझं पुस्तक उघडलं जाणार आणि आजोबा माईकवर म्हणणार, "ठेव तिकडं." महिनाभर आधीपासून मी कपाट उलथंपालथं करत होते.

*

माझा एक मोठा दोष आहे. कुणी अचानक काही विचारलं की मी दचकते आणि तोंडाला येईल ते बोलून मोकळी होते.

मेश्राम मामांनी गोहलपुरात त्यांच्या लेथच्या वर्कशॉपवर मजला चढवला. त्या दिवशी दुकानात मरणाची गर्दी होती. एका हातात पाचवीची गाईडं, दुसऱ्या हातात फोन.

"प्रज्ञा, मेश्रामच्या नव्या घराला काय देऊ?"

"डिक्शनरी!" मी म्हटलं.

पुन्हा फोन. "प्रज्ञा बेटा, मेश्रामकडे जायचं आहे..."

"डिक्शनरी!"

दिवसभर तेच. शुक्लाजी खूश. "बिटिया, आज तो डिक्शनरी का सीज़न है क्या?"

संध्याकाळी वंदना झाली, जेवणं झाली आणि आहेर उघडायला बसले. माईकवर गजभिये सर, आमच्यातले रिटायर्ड मास्तर, ठणठणीत आवाजाचे. पहिलं पुस्तक, इंग्रजी-मराठी डिक्शनरी. टाळ्या. दुसरं, डिक्शनरी. तिसरं. चौथ्याला सरांनी चष्मा पुसून घेतला. एकूण अकरा! मी खांबामागे उभी होते आणि तिथून आणखी मागे जायला जागा नव्हती.

मेश्राम मामा उठले, माईक घेतला आणि म्हणाले, "सगळ्यांचे आभार. आता आमच्या घरात कोनी म्हनू शकत नाही की मले तुझं बोलनं समजलं नाही!"

*

सदरमध्ये फौजी कुटुंबं पुष्कळ. साताऱ्याकडच्या एका सुभेदारांची बायको यायची, चटपटीत.

"ताई, सासूबाई आल्यात गावाकडनं. त्यांना एक पुस्तक द्या. जाडजूड. लवकर संपलं नाही पाहिजे!"

मी कपाटातलं सगळ्यात जाड काढलं. तिने हातात तोलून पाहिलं, जसं कलिंगड बघतात. "याच्याहून जाड नाही?"

आठवड्याने एक आजीबाई आल्या. नऊवारी, पायात स्पोर्ट्स शूज. "सूनबाईला वाचायला पुस्तक पाहिजे. चांगलं जाडजूड द्या बाई."

मी विचारलं, "त्यांना वाचायची आवड आहे का?"

"आवड कशाची! मी वाचायला बसले की दर घटकेला येती आन् विचारती, आत्या, किती झालं? आत्या, किती राहिलं? तिला बी एक घेऊन बसवते. म्हंजे मला सुखानं वाचू देईल!"

*

मझौलीचे एक काका. बसने यायचे, रुमालात चष्मा बांधलेला असायचा. "नातवासाठी पुस्तक पाहिजे. पुण्याहून येऊन राहिला."

"केवढा आहे?"

काकांनी वय सांगितलं नाही. हात कमरेजवळ आडवा धरला. "एवढा."

मी सशाचं चित्रांचं पुस्तक दिलं. काकांनी स्वतः एकेक पान बघितलं आणि ससा आवडला म्हणाले.

पंधरा दिवसांनी परत आले. बाकावर बसले, पाणी प्याले. "बेटा, तो तर माझ्यापेक्षा उंच निघाला. मिशा आहेत त्याला."

माझ्या हातातली पावती खाली पडली. "बाप रे! काका, आणा ते, मी बदलून देते. लगेच!"

"नाही ना देत तो." काका रुमालाची गाठ सोडत म्हणाले. "म्हणे, आजोबा, मी तुम्हाला जेवढा आठवतो तेवढ्यासाठी आणलं ना? मग राहू द्या."

आणि मग त्यांनी तसंच आणखी एक पुस्तक मागितलं. स्वतःसाठी.

*

पिहू माझ्या चुलतभावाची मुलगी, नऊ वर्षांची. तीही आमच्याच घरात राहते. इंग्लिश मीडियमची शाळा, गल्लीत हिंदी. मराठी तिला कळतं सगळं, पण बोलताना गाडी दोन वाक्यांत हिंदीच्या रुळावर जाते.

तिच्या वाढदिवसाला मी एक मराठी गोष्टींचं पुस्तक दिलं. शाळेत हिंदी शिकल्यामुळे अक्षरं वाचता येत होतीच. ती मोठ्याने वाचायला लागली, अडखळत, हिंदीच्या हेलात. अर्धं पान झालं आणि ती एकदम थांबली. माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं.

"आत्या! ये तो आपल्या घराची बोली है!"

"हो मग?"

"ये लिख भी सकते हैं?"

मला हसावं का रडावं कळेना. ती पुस्तक घेऊन धावत आजोबांकडे गेली. "आजोबा, देखो, किसी ने हमारा बोलना सुनके छाप दिया!"

आजोबा खूप दिवसांनी हसले. पुस्तक हातात घेतलं, कव्हरवरून हात फिरवला. मी दाराआडून बघत होते. त्यांनी वर भिंतीकडे पाहिलं, मग पुस्तक मिटून पिहूला परत दिलं. "तू वाच बेटा. तिकडं, ट्यूबखाली बसून वाच."

*

आता एक गुपित सांगते. आमच्यात आहेराची पुस्तकं फिरतात! तुम्हाला मिळालेलं पुस्तक नको असेल, तर ते पुढच्याच्या लग्नाला जातं. यात काही वाईट नाही. पंचाईत एवढीच, की पहिल्या पानावर आधीचा मजकूर असतो. आणि पान फाडायचं नाही, हे आमच्यात लहानपणापासून शिकवलेलं. पुस्तकाचं पान फाडणं म्हणजे पुस्तकाचा अपमान.

मग माणसं पुस्तक घेऊन माझ्याकडे येतात. इकडे-तिकडे बघतात आणि हळू आवाजात म्हणतात, "प्रज्ञा, जरा पांढरा कागद चिकटवून दे ना."

मी पानाच्या मापाचा कागद कापते, गोंद लावते, वर नवीन नाव सुबक अक्षरात लिहून देते. जुन्या कव्हरवर ब्राऊन पेपर, त्यावर चमकीचा कागद. पुस्तक नवंकोरं! शुक्लाजी बघत असतात. "बिटिया, ये किताब की दुकान है कि ब्यूटी पार्लर?"

कुणाचा कागद कुणावर चिकटलाय हे मी कधी बघत नाही आणि बघितलं तरी सांगत नाही. डॉक्टर सांगतात का?

आजोबांच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मोहिनी वहिनी आल्या. रामटेके आजोबांची सून. बँकेत नोकरी, नागपूरहून नुकतीच बदली होऊन नवऱ्यासोबत इथे आलेल्या. पर्समधून ब्राऊन पेपर घातलेलं एक पातळ पुस्तक काढलं.

"प्रज्ञा, बँकेतून निघताच आलं नाही गं. आमच्या मामंजींच्या कपाटात होतं हे. टेक्निकल आहे, मराठीत आहे. तुझे आजोबा फॅक्टरीत होते ना? चालेल?"

माझ्यासमोर सात गिऱ्हाईकं उभी होती, सगळ्यांना आजोबांसाठीच पुस्तक पाहिजे होतं. "चालेल! छानच!" मी म्हटलं. पहिलं पान तेवढं उघडलं, कागद चिकटवला, नाव लिहिलं, रिबीन बांधली. घाईत गोंद एका कोपऱ्याला लागलाच नाही.

*

हॉल भरला होता. आजोबा स्टेजवर, पांढराशुभ्र सदरा. शेजारी रामटेके आजोबा. त्यांनी माईक घेतला, करंटचा किस्सा सांगितला, हात वर केला. "आणि ते पुस्तक आजही माझ्या कपाटात आहे!" टाळ्या.

मग गजभिये सर आहेर उघडायला लागले. माझं पुस्तक पहिलं निघालं. महिनाभर शोधून निवडलेलं. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, प्रेमाने मान हलवली आणि म्हणाले, "ठेव तिकडं."

माईक चालू होता.

मेश्राम मामांनी डिक्शनरी आणली होती. अकरांपैकीच एक! "ठेव तिकडं." असं एकामागून एक चाललं होतं. मी खाली मान घालून खुर्चीच्या दांड्याचा रंग खरवडत होते.

मग सरांनी मोहिनी वहिनींचं पुस्तक उघडलं. "आदरणीय आजोबांस, ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त, मोहिनी." टाळ्या. सर पुस्तक बाजूला ठेवणार, एवढ्यात आजोबा म्हणाले, "थांबा. याच्या खाली काही लिवलं हाय."

कोपरा सुटला होता. माझाच कोपरा!

आजोबांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि नखाने कागद सोलला. खाली दुसरा कागद. त्यांनी मोठ्याने वाचलं, "रामटेके यांच्या मुलाच्या विवाहाप्रीत्यर्थ, मेश्रामकडून."

मेश्राम मामा खोकायला लागले.

तोही कागद सोलला. "मेश्राम यांच्या कन्येच्या नामकरणानिमित्त, गजभिये गुरुजींकडून."

माईक सरांच्या हातात होता, पण सरांचा आवाज गेला होता.

आणखी एक. "गजभिये यांस, गृहप्रवेशानिमित्त, रामटेकेकडून."

रामटेके आजोबा छताचे पंखे मोजायला लागले. आजोबांनी शेवटचा कागद फार हळू सोलला. खाली मूळ पान निघालं, पिवळं पडलेलं. त्यावरची अक्षरं त्यांचीच होती.

"मित्र रामटेके यास. तुझ्या घरी कधी अंधार न होवो."

त्यांनी ब्राऊन पेपर बाजूला केला. वायरिंगचं पुस्तक!

मला वाटलं, आता मी मरणार. मोहिनी वहिनींचे डोळे भरून आलेले. एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मेश्राम, बारशाले वायरिंग! तरीच तुझी पोरगी इंजिनियर झाली!" आणि हॉल जो फुटला!

हसू जरा ओसरल्यावर आजोबा रामटेके आजोबांकडे वळले. "काय म्हनत होता रे तू चाळीस वर्सं?"

"काय म्हणत होतो?" रामटेके आजोबा छाती काढून म्हणाले. "म्हटलं, माझ्या कपाटात आहे. मग होतंच ना माझ्या कपाटात? खोटं बोललो का?"

आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग मोहिनी वहिनींना जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला. "सूनबाई, रडून काहून राहिली? साऱ्या हॉलात मले पाह्यजे होतं ते तूच आनलं."

आम्ही सगळे गहिवरलो. जुनी आठवण, मित्राची भेट, वगैरे. बाकी सगळी पुस्तकं ऑटोत मागे रचली. ते एक मात्र आजोबांनी काखेत धरून ठेवलं होतं, घरापर्यंत.

*

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी. सकाळी मी स्वयंपाकघरात पोहे करत होते आणि फ्रिजचा आवाज एकदम थांबला. पंखा थांबला. बाहेर आले आणि किंचाळले.

आजोबा खुर्चीशेजारच्या भिंतीजवळ, हातात टेस्टर. बोर्ड उघडा, आतल्या वायरी बाहेर लोंबताहेत. पिहू बाजूला मोबाईलचा टॉर्च धरून उभी. स्टुलावरची सगळी चळत जमिनीवर आणि स्टुलावर वायरिंगचं पुस्तक उघडं. पानाच्या कडेला काळपट तेलकट अंगठा उमटलेला, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा.

"आजोबा!! शॉक लागेल!"

"काहून ओरडून राहिली? मेन बंद हाय." त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "दोन बटनं अन् एक दिवा. मधातली वायर कुठून कुठं जाते, तेच डोक्यातून गेलं होतं. पान बेचाळीस. पिहू, वाच पुढं."

पिहू वाचत होती, अडखळत, हिंदीच्या हेलात. आजोबा एकेक वायर खोचत होते. मी पोह्यांचा झारा हातात धरून तशीच उभी. बाबा येऊन दारात थांबले.

मग आजोबांनी बोर्डाचे स्क्रू लावले आणि मेन चालू करून आले. "पिहू, दाराशी जा."

खट्.

कोपऱ्यात भिंतीवर दिवा लागला. वेताच्या खुर्चीवर, जमिनीवर पसरलेल्या पुस्तकांवर पिवळा उजेड पडला. आजोबांनी खुर्चीजवळचं बटण दाबलं. विझला. पिहूने दाराशी पुन्हा दाबलं. लागला.

"आजोबा! मेरे वाले से भी जल गया!"

"जलनारच. टू-वे हाय."

ते खुर्चीत बसले. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. दोन वर्षांची चळत पायाशी पसरली होती. ती त्यांनी वरून खालपर्यंत नजरेने मोजली आणि अचानक माझ्याकडे बघून म्हणाले,

"हां, सांग आता. पयले कोन्तं वाचू?"

मी दचकले.

"डिक्शनरी!"

आजोबांनी हात पुढे केला. "दे."